ब्रेकची करकर

रविवार, १७ नोव्हेंबर
जेवणाच्या टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावरून

प्रिय दादा,

नमस्कार. खरं तर वाकून करायला हवा, पण वाकायला जागा नाही. पायाशी रुळांचं खोकं आहे आणि डोक्याशी बोगदा. वहिनीच्या गुडघ्याला उतार पडला असेल असं धरून चालते. आम्ही सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे आम्ही दोघं आणि मालगाडी.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय चालला आहे. गेले चार महिने मी मांडीवर ताट घेऊन जेवते. स्वतःच्या घरात, स्वतः पसंत करून आणलेल्या सहा माणसांच्या टेबलासमोर बसून. टेबलावर स्टेशन आहे. परवा वाटी ठेवण्यापुरती जागा मागितली, तर तुझे मेहुणे म्हणाले, "मालधक्क्यावर ठेव. पण सव्वाच्या आत उचल, गाडी यायची आहे." मी उचलली. गाडी आली नाही. उशिरा धावते आहे म्हणाले.

फोन का केला नाही, म्हणशील. तू उचलला नसतास, हे एक कारण. दुसरं पुढे येईल, माझी हिंमत झाली तर.

तर या चार महिन्यांत आमच्या घरात यांच्या नव्या इंजिनासाठी एक डिकोडर निवडला जातो आहे. तुला डिकोडर म्हणजे काय ते मी सांगायला नको, तुझ्याच पावलांनी तो या घरात आला. पण वहिनी हे पत्र वाचणारच, म्हणून तिच्यासाठी सांगते. वहिनी, ती नखाएवढी पट्टी असते. ती खेळातल्या इंजिनाच्या (यांच्यासमोर 'खेळातल्या' म्हणू नकोस) पोटात बसवायची. रुळांतून तिला हुकूम जातात. ती इंजिन चालवते, दिवा लावते आणि बटणाएवढ्या स्पीकरमधून खऱ्या डिझेल इंजिनाचे आवाज काढते. सुरू होताना खोकला, मग घरघर, भोंगा, घंटा, आणि थांबताना ब्रेकची बारीक, दात शिवशिवायला लावणारी करकर. खरं डिझेल आधी बराच वेळ गुरगुरतं आणि मग जागचं हलतं, म्हणून हेही तसंच करतं. मला त्याचं नवल वाटत नाही. सत्तावीस वर्षं संसार केला आहे.

आता हा निवडायचा कसा? आठ पिनांचा की एकवीस पिनांचा? कुठल्याही डिझेलला चालेल असा सरसकट आवाज हवा, की नेमक्या याच इंजिनाचा, रुळाशेजारी उभं राहून टिपलेला? भोंगा एका सुराचा की तीन? स्पीकर टपाखाली मावेल का, की टाकी कोरावी लागेल? लग्न ठरवताना या माणसाने मला दोन प्रश्न विचारले होते, त्यांतला एक "पंखा लावू का?" हा होता.

पहिला डिकोडर आला, इंजिनात बसला, एक फेरी झाली आणि परत गेला. "करकर नाही." दुसरा आला. त्याचा भोंगा ऐकून शेजारीण दारात आली. तोही परत. "करकर नाही." तिसऱ्याच्या वेळी दुकानदाराचा संयम सुटला. आम्ही त्याला भोंगेशेठ म्हणतो, तोंडावर नाही. "ताईंना घेऊनच या," तो यांना म्हणाला, "एकदाच काय ते ऐका आणि मला मोकळं करा."

गेलो. त्याने दुकानातल्या रुळावर इंजिन चढवलं, पळवलं, थांबवलं. अशी करकर झाली की गल्ल्याजवळच्या बाईने कानात बोट घातलं.

"बघा," हे म्हणाले, "आहे काही?"

भोंगेशेठने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या खोक्यातली इवली इवली प्लास्टिकची झाडं पाहायला लागले. फार सुंदर झाडं होती. मी प्रत्येक झाड नीट पाहिलं.

"नाही ना?" यांनी मला विचारलं.

"मला यातलं काय कळतंय?" मी म्हटलं.

डिकोडर परत घेतला गेला. भोंगेशेठ पावती फाडताना इतक्या हळू काहीतरी पुटपुटला की ते मलाही ऐकू आलं नाही, म्हणजे बघ.

घरी येताना मागून एक सायकलवाला यांना घासून गेला. पडता पडता वाचले. "घंटी वाजवायला काय धाड भरली होती?" हे ओरडले. तो उलट वळून म्हणाला, "काका, तीनदा वाजवली हो!" मी त्यापुढे घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. मी गप्प, यावरूनच काय ते समज.

लेकीचा फोन दर शनिवारी येतो. हल्ली हे "कशी आहेस" म्हणतात आणि फोन माझ्या हातात देतात. "तूच बोल बाई. ही परगावी गेल्यापासून कुजबुजायलाच शिकलीय." ती कुजबुजत नाही, दादा. तिचा आवाज पहिल्यापासून बारीक आहे, आणि लहानपणी त्याच आवाजाने ती हाक मारायची तेव्हा हे तिसऱ्या खोलीतून धावत यायचे.

असो. करकरीवर येते.

दोन वर्षांपूर्वी यांच्या पन्नाशीला तू ते निळं इंजिन आणलंस. डिकोडर तू स्वतः बसवलेला, तारांना डाख तूच दिलेला. हे म्हणाले, "करकर येत नाही. तार दबली असेल." तू इंजिन उघडलंस, तपासलंस, बसवलंस. पुन्हा उघडलंस. तिसऱ्यांदा उघडलंस तेव्हा हे म्हणाले, "हाताला कसब नसेल तर माणसाने भेटवस्तू तयार आणावी." मी स्वयंपाकघरातून बाहेर आले ते तुझं शेवटचं वाक्य ऐकायला. "मेहुणे, डिकोडर धडधाकट आहे. कान तपासून घ्या."

त्यावर यांनी जे केलं आणि मी जे बोलले ते तुला पाठ असेल. शाई वाया घालवत नाही. एवढंच सांगते की मला तेव्हा तो अपमान वाटला होता. सल्ला वाटला नव्हता.

मागच्या रविवारी चौथा डिकोडर आला. वहिनी, आणखी एक गोष्ट. कारखान्यातून प्रत्येक डिकोडर 'तीन' हाच नंबर लावून येतो. तो बदलून घ्यायचा, नाहीतर एकाला दिलेला हुकूम दोघं पाळतात. दादाच्या निळ्या इंजिनाचा नंबर बदलायच्या आधीच भांडण झालं, त्यामुळे ते तीनच राहिलं. कपाटात होतं तोवर काही बिघडलं नाही. पण त्या सकाळी ते टेबलावर, बाजूच्या रुळावर उभं होतं. कोणी ठेवलं म्हणशील, तर मी धूळ पुसायला काढलं होतं. दोन वर्षांनी मला एकाएकी त्या कपाटातली धूळ सहन होईना, असं समज.

हे टेबलाच्या एका टोकाकडे तोंड करून, नव्या इंजिनावर डोळे लावून वाकले होते. कळ फिरवली. नवं इंजिन गुरगुरत निघालं. आणि यांच्या पाठीमागे तुझं निळं, कुणी न बोलावता, गुरगुरत निघालं. अर्धं टेबल गेलं असेल. यांनी ब्रेक लावला. दोन्ही इंजिनं करकरली, एक समोरून, एक मागून. माझे दात शिवशिवले. हे सरळ झाले आणि म्हणाले, "हाही मुका. पाठव परत."

"अहो, मागे बघा."

वळले. "हे इथे कसं?"

"चालत आलं."

"आवाज न करता?"

"गुरगुरत आलं. थांबताना करकरलं."

"गुरगुर ऐकली मी. मला वाटलं समोरच्याचीच." मग निळ्यावर वाकून, "करकर?"

"दोघांचीही."

"आणि ते तीन डिकोडर? परत केले ते?"

"त्यांचीही होती."

"आणि त्याने बसवलेल्याची? तेव्हा?"

"तेव्हा मी स्वयंपाकघरात होते," मी म्हटलं. "पण डिकोडर कपाटात बसून आपोआप दुरुस्त होत असतील असं मला वाटत नाही."

मला वाटलं होतं, आता भांडी वाजतील. मी तयारीत होते. चार महिन्यांची वाफ माझ्याकडेही होती. पण यांनी निळं इंजिन मागे नेलं, कळ माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चालव. मी म्हटलं की थांबव." आणि टपावर बोट ठेवून इंजिनाबरोबर टेबलाच्या कडेकडेने चालायला लागले. "थांबव." मी थांबवलं. करकर झाली. हे बोटाकडे बघत राहिले. "पुन्हा." पुन्हा केलं. कितीदा केलं देव जाणे. जेवण गार झालं, पण त्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

शेवटी म्हणाले, "बोटाला लागते आहे."

संध्याकाळी, माझ्याकडे न बघता: "त्याला सांग."

"तुम्ही सांगा. फोन करा."

"फोनवर मला त्याचं नीट ऐकू येणार नाही."

दादा, हे वाक्य या घरात पहिल्यांदा बोललं गेलं. हेच ते दुसरं कारण. "मग पत्र लिहा," मी म्हटलं. तर म्हणे, "माझं अक्षर वाईट." डब्यांवर अडीच मिलिमीटरचे नंबर रंगवणारा माणूस!

कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर त्याचं उत्तर तयार होतं. "तुझ्याबरोबर नाही. तू दुकानात झाडं बघत बसलीस. तो आला तर जातो. तो तोंडावर बोलतो." आता बोल. सत्तावीस वर्षं मी या माणसाला एकही गोष्ट तोंडावर बोलायची बाकी ठेवली नाही, आणि एकदा दया आली म्हणून गप्प बसले, तर तीच माझ्या नावावर.

तर ये. गुरुवारची वेळ मी घेऊन ठेवली आहे. तू येशील हे धरून घेतली, याबद्दल जे बोलायचं ते आल्यावर बोल. घरात हल्ली सगळे ओरडूनच बोलतात, तुझं खपून जाईल. दोन्ही इंजिनांचा नंबर अजून तीनच आहे. एक कळ फिरवली की दोन्ही निघतात. नंबर बदलायला दोन मिनिटं लागतात, हे मला ठाऊक आहे. यांनाही ठाऊक आहे.

आणि तुझ्यासाठी निरोप आहे. शब्द त्यांचे आहेत, मी एकही पदरचा घातलेला नाही:

"तार दबलेली नव्हती."

तुझी,
मांडीवर ताट घेऊन बसलेली बहीण

ता. क. वहिनीने दोनदा विचारूनही जो सापडत नाही असं मी कळवलं होतं, तो तुझा पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रूड्रायव्हर पाकिटात घातला आहे. माझ्या चष्म्याच्या दांड्या दोन वर्षं त्याच्यावरच उभ्या होत्या. टोक पुसून दिलं आहे. गुरुवारी येताना घेऊन ये. चौथ्याचा स्पीकर सैल बसला आहे, आणि तो यांनी बसवायचा नाही.