रिकामी मेमरी आणि रुपचंदभाऊंची शिस्त

मेहरूण, जळगाव
गुरुवार

आदरणीय रुपचंदभाऊ यांस दामोदरचा कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे, इंदिरावहिनींची साखर आणि दुकानाचे नवे शटर ही तिन्ही सुरळीत चालत असतील अशी आशा आहे. इकडे सुनंदा खुशाल आहे. तुमचीच बहीण असल्यामुळे ती खुशाल असल्याचे मला दिवसभर ऐकू येते. फोनवर तुम्ही बोलता आणि मी हुंकार देतो, म्हणून हे पत्र आपल्या मंडळाच्या चुडामणभाऊंच्या हाती धुळ्याला धाडतो आहे. ज्योत्स्नाच्या बंगळूरच्या नोकरीबद्दल तुम्ही परवा विचारलेत, आणि रविवारच्या वधू-वर मेळाव्यात स्थळ ठरल्याशिवाय भाची गाव सोडणार नाही असा निकालही त्याच दमात दिलात. तिला बुधवारी तिथे हजर व्हायचे आहे. त्या विषयाकडे मी यथावकाश येतो. आधी मंडळाचा संगणक.

मागे तुम्ही आमच्याकडे आला होता तेव्हा आपल्या वधू-वर मंडळाच्या त्या यंत्राची मेमरी पडद्यावर जवळजवळ भरलेली दिसली आणि तुम्ही गरजलात, "दाजी, बठ्ठी मेमरी भरेल शे! हाई काय गोदाम शे?" दुकान बंद करताना फळीवर चिंधी दिसली तरी नोकराला चौकातून परत बोलावणारे तुम्ही. दर पाच मिनिटांनी मेमरी झाडून काढावी, असा हुकूम झाला. चुडामणभाऊंनी (पाटबंधारे खात्यात हयात गेली, हुकुमाचे कारण विचारायची सवय नाही) तशी आपोआप चालणारी आज्ञा यंत्रात घालून दिली.

तेव्हापासून पदवीधर, सगोत्र नसलेली, साक्रीच्या पलीकडे सासर नको असलेली मुलगी शोधायला सांगितली की यंत्र समाधी लावी. असोद्याचे एक गृहस्थ मुलासाठी आले. चहा झाला, दुसरा चहा झाला, सुनंदाने पोहे टाकले, तरी यादी येईना. ते निघताना म्हणाले, "मास्तर, तुमची यादी येईलोंग पोऱ्याचे केस पिकतीन." मला ते लागले. म्हणून मी मॅन्युअल उघडून, डेटाबेस म्हणजे माहिती सांभाळणारा जो प्रोग्राम, त्याला यंत्रातली बहुतेक सगळी मेमरी बहाल करून टाकली. माझ्या मते दान सत्पात्री होते. त्यानंतर यंत्र रांगतही नव्हते.

शेवटी ज्योत्स्नाने हात घातला. (आजवर घालू दिला नव्हता. उपवर मुलीने मंडळाच्या नोंदी पाहू नयेत, हा नियमही आपलाच.) तिने पडद्यावर काही वाचले आणि विचारले, "बाबा, दर पाच मिनिटांनी झाडू मारायची कल्पना कोणाची?" मी पश्चिमेकडे, धुळ्याच्या दिशेने, आदराने हात जोडले.

भाऊ, इथून पुढचे सावकाश वाचा. मला स्वतःला अजून पुरते पचलेले नाही. डिस्कवरून माहिती आणणे यंत्राला फार जड जाते. म्हणून एकदा आणलेल्या माहितीची प्रत यंत्राची मूळ व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मेमरीच्या मोकळ्या जागेत ठेवून देते. कोणी सांगितलेले नसते. पुन्हा तेच विचारले की डिस्कपर्यंत जायचे कामच नाही. आणि दुसऱ्या कामाला जागा लागली, तर ज्या प्रती बराच काळ कोणी मागितलेल्या नाहीत त्या मुकाट बाजूला होतात. असा पाहुणा मी आपल्या दोन्ही घराण्यांत पाहिलेला नाही (मला धरून). तुम्हाला दिसला तो पसारा नव्हता, ती यंत्राची तयारी होती. "रिकामी मेमरी म्हणजे फुकट गेलेली मेमरी, बाबा," असे ज्योत्स्ना म्हणाली. आपण दर पाच मिनिटांनी त्याला सगळे विसरायला लावत होतो. उरलीसुरली जागा माझ्या दानाने गेली आणि हातातली कामेसुद्धा यंत्र डिस्कवर नेऊन ठेवू लागले. तिने झाडू बंद केला, डेटाबेसला चौथा हिस्सा ठेवून बाकी जागा व्यवस्थेसाठी सोडली, आणि हातातले काम उठसूट डिस्कवर टाकू नकोस अशी यंत्राला ताकीद दिली.

मग असोद्याच्या गृहस्थांचाच प्रश्न घातला. पहिल्यांदा थोडा वेळ लागला. दुसऱ्यांदा बोट उचलायच्या आत यादी हजर! मी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, पोराने नवी बेल वाजवावी तसा. भाऊ, जन्मभर मी शाळेत मुलांकडून संस्कृतची शब्दरूपे घोकून घेतली. अनुभव सरतो, त्याचा संस्कार मागे राहतो आणि स्मृती त्यातून उगवते, हे वर्गात इतक्यांदा सांगितले की माझ्यापुरता त्याचा अर्थ झिजून गेला होता. परवा एका पत्र्याच्या डब्यात ते घडताना पाहिले आणि हात आपोआप जोडले गेले. सुनंदाने आतून डोकावून विचारले, "लाईट आली का?"

आता एकच अडचण. रविवारी यंत्र धुळ्याला मंगल कार्यालयात न्यायचे, म्हणजे बंद करायचे; आणि बंद केले की मेमरीतले सगळे जाते. मंडळी जमण्याआधी कोणीतरी बसून नेहमीचे प्रश्न विचारून त्याला जागे करायला हवे, आणि दिवसभर नजरही ठेवायला हवी. चुडामणभाऊ तयार आहेत, पण त्यांचा हात अजून झाडूकडे वळतो.

वहिनींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा (कंबरेच्या मर्यादेत).

आपला दाजी,
दामोदर

ता. क. चुडामणभाऊंना परत पाठवताना संगणकाविषयी नवा हुकूम देऊ नये. ते तो पाळतात.

ता. क. यंत्रापाशी बसायला ज्योत्स्नाच लागेल असे दिसते. तीच मुलगी त्याच वेळी मंचावर उभी राहून परिचय कसा देणार, हा प्रश्न मंडळाचे अध्यक्ष या नात्याने तुमच्या विचारार्थ ठेवतो.

ता. क. सुनंदाने पाकीट फोडून पत्र वाचले. म्हणाली, "सगळी मेमरीची कथा, आणि पोरीसाठी तुमच्या तोंडून एक सरळ वाक्य निघेना?" आता ती सांगते आहे ते जसेच्या तसे लिहितो: भाऊ, ज्योत्स्ना रविवारी संगणकापाशी बसेल, मंचावर नाही. सोमवारी भुसावळहून तिची गाडी आहे. तू स्टेशनवर आलास तर ती रडेल. नाही आलास तर मी.