ट्रंकवाल्या सिनेमाचा शेवट

प्रिय जाऊबाई,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि पत्र लिहायला मी आज बसले आहे. तुम्ही होता तेव्हा कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. अकोल्याहून माझी पत्रं यायची तीसुद्धा तुमच्या दिरांच्या नावाने, आणि तळाशी 'जाऊबाईंना नमस्कार' एवढंच. आजचं सगळं पत्र तुम्हाला आहे. काल दुपारपासून माझं डोकं चालेनासं झालंय, आणि ज्यांना विचारायचं त्या तुम्हीच नाही!

झालं असं. काल बाळूची मुलगी फोन घेऊन आली. म्हणाली, "आजी, तुझा ट्रंकवाला सिनेमा सापडला." मी तिला कधीतरी नटनट्यांची नावं सांगितली होती, त्यावरून तिने शोधून काढला. हाताएवढ्या फोनवर मी तो अख्खा पाहिला, मध्यंतरानंतरचाही. साठ वर्षांनी! आणि जाऊबाई, तो शेवट तुम्ही मला सांगितलेला नाहीच.

तुम्ही खोटं बोललात का हो?

बाळूच्या मुलीला मला आधी सगळी रीतच समजावून सांगावी लागली. तिला वाटलं, आजी अर्ध्यातून उठून येत होती म्हणजे सिनेमा आवडत नसेल. मी म्हटलं, अगं, एका तिकिटावर आम्ही दोघी. तुम्हाला आठवतं ना? सासूबाईंचा कायदा होता: "एकीनं जावं, एकीनं घर पाहावं. दोघी संगं गेल्या त चूल मी फुकू का?" म्हणून तीनच्या खेळाचा पहिला अर्धा माझा, दुसरा तुमचा. मामंजींना चार वाजता चहा तुमच्याच हातचा लागायचा, तो दिल्याशिवाय तुम्हाला उंबरा ओलांडता यायचा नाही. मध्यंतराला बाहेर जाणाऱ्याला दारावर पुठ्ठ्याचा पास मिळायचा. तो मी आणायचे आणि तुमच्या हातात द्यायचे.

मध्यंतराची रेकॉर्ड भोंग्यावर लागली की आपल्या घरापर्यंत ऐकू यायची. ती ऐकून तुम्ही पदर सारखा करत निघायच्या. सोडावाल्याच्या गाडीपाशी आपली गाठ. "सांग लवकर. कोन कोनाचं हाय?" तुम्ही विचारायच्या. मी धापा टाकत सांगायची, तो उंच आहे तो चांगला, मिशीवाला वाईट, म्हातारी कोणाची ते अजून कळलेलं नाही. तुम्ही म्हणायच्या, "लेकरू झोपलं हाय, भात चढवला हाय. पाह्य तेवढं. जाय आता." संपलं आपलं बोलणं! दीड तासाचा सिनेमा मी दोन मिनिटांत उरकायची.

काय टॉकीज होती ती, जाऊबाई! बाहेर चार गोल खांब, वर चुन्याच्या दोन बाया हातात दिवे घेऊन उभ्या. एकीचं नाक उडालेलं होतं, तरी रुबाब कमी नव्हता. माझं मत विचाराल तर टॉकीजला दर्शनी भाग हवा. माणसाला आत शिरायच्या आधीच कळलं पाहिजे की आपण घरून कुठेतरी आलो आहोत. आता मॉलमध्ये सिनेमा दाखवतात, तिथे चपलांच्या दुकानातून जावं लागतं! त्याला काय टॉकीज म्हणायचं?

बायकांची जागा वर, बाल्कनीच्या डाव्या अंगाला. जिन्याच्या वळणावर माणसाच्या उंचीचा आरसा होता. आपल्या घरात तळहाताएवढा एकच आरसा, त्यात एका वेळी एक तर डोळे दिसायचे नाहीतर कुंकू. मी पायापासून डोक्यापर्यंत स्वतःला पहिल्यांदा पाहिलं ते त्या जिन्यावर. दर वेळी थांबायची. तुम्ही थांबत होता का? मला माहीतच नाही. आपण दोघी मिळून तो जिना एकदाही चढलो नाही.

मे महिन्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायचे. बाहेर अमरावतीचं ते ऊन, आणि आत गारवा, अंधार, ओल्या वाळ्याचा वास. मग मखमली पडदा हळूहळू, अगदी हळूहळू बाजूला व्हायचा. खुर्च्यांत ढेकूण होते, ते खरं. पण त्या गारव्यासाठी मी ढेकूणही सहन केले.

आणि संध्याकाळी तुम्ही भाकऱ्या थापताना उरलेला सिनेमा सांगायच्या. काय सांगायच्या! परातीवर हात आपटून घोडागाडी पळवायच्या. मी पळी हातात धरून बघत राहायची आणि वरणाला तळ लागायचा. तुमचा मिशीवाला शेवटी नेहमी विहिरीत पडायचा. तेव्हा मला कधी प्रश्न पडला नाही, आता पडतो. प्रत्येक सिनेमात विहीर कुठून आली? चांदूर बाजारच्या बाजूला तुमच्या माहेरी संत्र्याच्या बागेत विहीर होती, ती तर नव्हे ना?

आता तो ट्रंकवाला सिनेमा. वर्ष कोणतं ते आठवत नाही. आपण तेव्हा मुंबई राज्यात होतो की महाराष्ट्र झाला होता, याचाही आता घोळ होतो. पण मी सातवी फायनल पास होते, माझ्या भावाने माझ्या नावाचा अर्ज भरला होता आणि अकोल्याहून मास्तरणीच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं होतं, एवढं पक्कं आठवतं. बाळू दोन वर्षांचा. मामंजी म्हणाले, "सून परगावी राहीन अन् लेकरू इथं रडीन, हे कोन्या घरची रीत होय?" तुमचे दीर म्हणाले, "तूच ठरव", आणि दुकानात निघून गेले. मी ठरवलंही होतं, जायचं नाही. ते पत्र मी तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी घालून ठेवलं होतं.

दोन दिवसांनी तुम्ही म्हणालात, "सिंधे, नवा खेळ लागला हाय, जाऊन ये." मी नाही म्हटलं. तुम्ही हाताला धरून मला दाराबाहेर काढलंत. कशासाठी? त्यात काय आहे ते तुम्हाला कोणी आधीच सांगितलं होतं का? की मी घरात तोंड पाडून बसले होते, ते तुम्हाला बघवत नव्हतं?

पडद्यावर पाहते तर काय, माझीच गोष्ट! शिकलेली सून, तिला शहरात नोकरी, घरचे विरोधात, मांडीवर लेकरू. ती ट्रंक भरते, दारापर्यंत येते, दारात नवरा उभा. आणि मध्यंतर! मी जिना कशी उतरले, कळलं नाही. आरशातही पाहिलं नाही. सोडावाल्यापाशी तुम्हाला पास दिला आणि नुसतं म्हटलं, "ती दारात उभी आहे." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पास मुठीत धरलात. गेलात.

त्या संध्याकाळी तुम्ही भाकरी थापत होता, आणि मी विचारलं, "काय झालं तिचं?"

"गेली ना थे! ट्रंक उचलली अन् टांग्यात बसली. मांगं वळून पाह्यलं बी नाई."

"अन् लेकरू?"

"लेकराचं काय? जाऊ होती ना घरात. थे म्हने, लेकराले मी सांभाळतो, तू जाय."

एवढं सांगून तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत. दुसऱ्या दिवशी मी डब्यातून पत्र काढलं. मामंजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तुमच्याशी पंधरा दिवस. आणि मी अकोल्याला गेले. तेहेतीस वर्षं शाळेत शिकवलं. माझी पेन्शन, माझं घर, बाळूचं शिक्षण, बाळूच्या मुलीचा हा फोनसुद्धा, सगळं त्या एका शेवटावर उभं आहे.

काल मी पाहिलं ते असं. नवरा दारात उभा आहे. ती त्याच्याकडे पाहते, रडते, ट्रंक पुन्हा खाटेखाली सरकवते आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवते. पुढे सव्वा तास देवासमोर गाणी! शेवटी सासू तिच्या कमरेला किल्ल्या खोचते आणि ती हसते. टांगा नाही. आणि जाऊबाई, त्या सिनेमात जाऊच नाही! नवरा एकुलता एक आहे. मी दोनदा पाहिला, नातीकडून मागे घेऊन घेऊन पाहिला. घरात सासू, सासरा, नवरा, एक गडी. जाऊ कुठेच नाही.

मी रडत होते की हसत होते ते नातीला कळेना. मलाही कळत नव्हतं.

मग मला गुंफाबाई आठवली. बायकांच्या दारावर पास घ्यायला बसायची ती. मी ट्रेनिंगहून सुट्टीत आले होते तेव्हा ती बाजारात भेटली, आणि मला म्हणाली, "धाकट्या बाई, एक सांगू का? मोठ्या बाई सिनेमा पाहतच नव्हत्या वो. खुर्चीत बसल्या का झोपत. गानं लागो का मारामारी होवो, उठाचं नाव नाई. खेळ सुटला का मीच हलवून उठवत होतो त्यायले." मी हसले. म्हटलं, मग गोष्ट कशी सांगतात? ती म्हणाली, "थे मले काय मालूम!" गुंफाबाई सगळ्यांच्या खोड्या काढायची, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

आता घेते आहे, आणि माझा गुंता आणखी वाढतो. तुम्ही पहाटे चारला उठायच्या. तीन लेकरं तुमची, एक माझं, म्हातारपणाच्या चार खोडी असलेले सासू-सासरे. तुम्हाला दिवसा पाठ टेकताना मी कधीच पाहिलं नाही. तो गारवा, तो अंधार, कोणी हाक मारणार नाही असा दीड तास! तुम्ही झोपत असाल तर चुकलं काय? पण मग त्या दिवशीही झोपला होता का? झोपेत स्वप्न पडलं आणि जागं झाल्यावर तोच सिनेमा वाटला? की डोळे टक्क उघडे ठेवून सगळं पाहिलंत, तिने ट्रंक आत सरकवलेली पाहिलीत, आणि घरी येईपर्यंत रस्त्यात दुसरा शेवट तयार केलात?

एकदा वाटतं, झोपलाच होता, विहिरीच त्याच्या साक्षीदार आहेत. मग आठवतं, एका सिनेमातल्या पातळाचे काठ तुम्ही मला अगदी बारकाव्याने सांगितले होते, आणि ते पातळ मी पुढे कॅलेंडरवर पाहिलं, काठ तसेच होते! झोपलेल्या माणसाला काठ दिसतात का? सांगा ना!

माझा रागही आहे तुमच्यावर. इतकी वर्षं मी अभिमानाने सांगत आले की सिनेमातल्या बाईकडे पाहून मला धीर आला. पोरींना वर्गातसुद्धा सांगितलं. आणि ती बाई तर खाटेखाली ट्रंक सरकवून बसली होती! निदान मी रिटायर झाल्यावर तरी मला खरं सांगायचं होतंत. मी काही परत येऊन चुलीपाशी बसले नसते.

अकोल्यात होस्टेलच्या मुलींबरोबर मी पहिल्यांदा अख्खा सिनेमा पाहिला. तिथली टॉकीज कापसाच्या गोदामासारखी, वर पत्रे, मध्ये लोखंडी खांब. पण आवाज मात्र आपल्यापेक्षा स्वच्छ, ते कबूल केलं पाहिजे. मध्यंतर झालं आणि मी सवयीने उठले. पास घेतला, दाराबाहेर आले आणि उभी राहिले. कोणाची वाट पाहते आहे हे लक्षात यायला मला वेळ लागला. मग आत गेले नाही. मुलींना सांगितलं, डोकं दुखत होतं.

त्या दिवशी मला फक्त माझंच वाईट वाटलं होतं. काल दुसरं सुचलं, आणि हातातला चहा निवून गेला. मी अकोल्यात होते ती दोन वर्षं तुम्हाला पास कोण आणून देत होतं? कोणीच नाही. चार लेकरं सांभाळून तुम्ही कुठल्या टॉकीजला जाणार होता? तुम्ही मला टांग्यात बसवलंत आणि तुमचा तो दीड तास गेला. सिनेमा असो की झोप, जे काय होतं ते गेलं. आणि सुट्टीत आले की मी तुम्हाला अकोल्याचे सिनेमे रंगवून सांगायची! तुम्ही "मंग? मंग काय झालं?" म्हणत ऐकायच्या. मला लाज वाटते आहे, जाऊबाई.

आपली टॉकीज आता बंद आहे. चुन्याच्या त्या दोन बायांपैकी नाकवाली पडली, नकटी अजून उभी आहे. आरशाचं काय झालं कोणाला माहीत नाही. नात म्हणते, आजी, बाकीच्या सिनेमांचेही शेवट शोधू या. मी नको म्हटलं. ते विहिरीतच राहू देत.

मला उत्तर हवं आहे आणि नकोही आहे. जाग्या असाल तर तुम्ही मला आयुष्य दिलंत. झोपला असाल तर निदान तुम्हाला झोप तरी मिळाली, आणि मला तेही तितकंच हवंसं वाटतं. दोन्ही खरं कसं व्हायचं?

पण एक वचन देते. माझंही आता वय झालंय, आपली गाठ फार लांब नाही. भेटलो की तुम्हाला सिनेमा मी सांगेन, पडद्यावर नावं येतात तिथपासून, घाई न करता, भात लागला तरी लागू दे. तुम्ही खुशाल झोपा. शेवटही मीच सांगेन. त्यात ती दारात उभी असेल ना, ती तुम्ही असाल. ट्रंक उचला, टांग्यात बसा, मागे वळून पाहू नका. लेकरायले मी सांभाळतो.

तुमची धाकटी,
सिंधू