आपला लोखंडी डोंगा

प्रिय अहो,

कागदावरसुद्धा तुमचं नाव लिहायला हात धजत नाही, म्हणून हे असंच. क्वार्टरमागे पडलेल्या तुमच्या डोंग्याचं, त्या लोखंडी नावेचं काय करायचं, ते विचारायला काल तुमच्या कामावरचे दोस्त देवाजी भाऊजी आले होते. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

किती बेत केलेत हो त्या तांदुळा तलावाच्या सहलीचे! बालोदपर्यंत ट्रकनं, मग तलावाच्या कडेनं जंगलातून पायी, दोन मुक्काम ताडपत्रीच्या तंबूत आणि परत येताना डोंग्यातून. ड्यूटीवरून आलात की हातपाय धुण्याआधी यादी काढायचात. ताडपत्री, कंदील, कुनैनच्या गोळ्या. येणाऱ्यांत तुमचं आणि भाऊजींचं नाव शाईनं, माझं मात्र पेन्सिलनं! असं का, ते विचारायचं राहूनच गेलं.

आणि तो डोंगा! नाव बांधणाऱ्या एखाद्या केवटाला विचारायचं सोडून तुम्ही दोघा वेल्डरांनी जामुलच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडून जाड पत्रे आणले आणि कारखान्यातल्या भट्टीचं काम असावं तसे जोडले. पाण्याचा थेंब आत येणार नाही, अशी ऐट! तयार झाला तर आठ माणसांनाही जागचा हलेना. "आता क्रेन लावू काय, वहिनी?" म्हणत भाऊजी हसत सुटले आणि तुम्ही दोन दिवस रुसून बसलात. मी पदराआड हसत होते, ते कळलं होतं का तुम्हाला?

पुढच्याच महिन्यात तो ताप आला आणि सहा दिवसांत सगळं आटोपलं. रागच येतो तुमचा. एवढी कसली घाई होती?

चार महिने झाले, तुमच्या आई रडल्या नाहीत. वाढलं तर जेवतात, नाहीतर भिंतीकडे बघत बसतात. मला त्यांचीच भीती वाटते.

काल भाऊजी म्हणाले, "कापून टाकतो वहिनी, पाहवत नाही मले." तेवढ्यात आई आतून आल्या. किती दिवसांनी त्यांचा आवाज चढला!

"कावून कापून राहिले? माह्यं माहेर वैनगंगेच्या काठचं. मले वल्हं मारता येते. चला, मी येते."

तुम्हाला ठाऊक होतं हे? यादीत आईंचं नाव कुठेच नव्हतं हो! तुम्हाला नाही आणि मलाही नाही, त्यांना विचारावंसं कधी वाटलंच नाही.

तर ठरलं. भाऊजी, त्यांच्या सुमनबाई, आई आणि मी. बालोदवरून राजहऱ्याच्या खाणीकडे रिकाम्या जाणाऱ्या ट्रकमध्ये डोंगा चढवायला तुमची अख्खी शिफ्ट येणार आहे. कुंकू पुसलेल्या बाईनं सहलीला जाऊ नये, असं एका शेजारणीनं ऐकवलंच. तिला उत्तर मी नाही दिलं, आईंनी दिलं.

एक शब्द देते तुम्हाला. भर पाण्यात आईंचा बांध फुटला, तर मी त्यांना गप्प करणार नाही. त्यांच्या हातातलं वल्हं घेईन आणि त्यांचं रडून होईपर्यंत डोंगा काठाला लागू देणार नाही.

तुमचीच,
कमल