आधी आउटलाइन, मग बाजार

४ सप्टेंबर
...आणि म्हणूनच मी वर्गातल्या नागसेनले सांगितलं, लिहायच्या आधी ऑर्गनाइझ करावं लागते. विषय: चिखलीचा आठवडी बाजार. चार पानं, मराठीत. मागचा निबंध मी दिला नव्हता (प्लॅनिंग सुरू होतं), म्हणून जयमाला मॅडमनं वर्गातच सांगितलं, हाही नाही आला तर इंटर्नलमधे नापास. नो टेन्शन. आपण इंग्लिश मीडियमचे. बोलणं वऱ्हाडी असलं तरी विचार स्ट्रक्चर्ड.

७ सप्टेंबर, बाजाराचा दिवस
आई म्हणे, "बाबू, थैली धर अन् चाल माह्यासंगं. बाजारावरच लिहायचं हाय ना तुले?" तिले समजावलं, आउटलाइनशिवाय बाजार पाहिला तर डोक्यात गोंधळ होते. "मंग कांदे कोण आणीन?" म्हणे. घरात अकॅडेमिक वातावरणच नाही.

१० सप्टेंबर
आउटलाइन रेडी! चार्ट पेपर, रंगीत स्केचपेन. मुद्दा १, १.१, १.१.१. पण १.१.१ मधे काय टाकायचं? मराठी शब्दच येऊन नाही राह्यले. 'टॉपिक सेंटेन्स'ले मराठीत काय म्हणतात, नागसेनले विचारलं. म्हणे, "पहिलं वाक्य." इतकं सोपं असूच शकत नाही.

१४ सप्टेंबर, पुन्हा बाजार
नागसेन दारात. "येतं काय बे?" म्हटलं, नाही, माह्या टाइमटेबलमधे फील्डवर्क उद्या आहे. तो गेला. भाजीवाल्या रुखमाबाईजवळ बसून गप्पा मारत होता म्हणे. टाइमपास.
मी तोवर निष्कर्ष लिहिला. 'अशा रीतीने बाजार झपाट्याने बदलत आहे.' अंगावर काटा आला! संध्याकाळी नागसेनले ऐकवलं. विचारते, "काय बदललं बे?" अरे, डिटेल्स नंतर.

१५ सप्टेंबर, सकाळी
फील्डवर्क. क्लिपबोर्ड घेऊन गेलो. मैदानात तुडवलेली मेथी अन् एक गाय. एक जण म्हणे, "काऊन बे, कोणाले शोधतं? बाजार तं काल झाला."
टाइमटेबल कोणी पाळतच नाही इथं.

१६ सप्टेंबर
जमा केलं. समोर आउटलाइन, शेवटी निष्कर्ष, मधे नुसत्या हेडिंगची कोरी पानं, स्ट्रक्चर दिसावं म्हणून. मॅडमनं निष्कर्ष मोठ्यानं वाचला. चष्मा काढला. म्हणाल्या, "निष्कर्ष छान आहे. कशाचा?"
सारा वर्ग हसला. मी नापास.
नागसेनचा निबंध नोटीस बोर्डावर लागला. सुरुवातच रुखमाबाईच्या वांग्यांपासून. ना आउटलाइन, ना निष्कर्ष. सगळा वाचला मी. दोनदा.
आईनं पुढच्या बाजारासाठी थैली हातात देली.
डायरी, तूच सांग, चूक कोणाची? आउटलाइनची का बाजाराची?