वॉशिंग मशीनमधले बटाटे आणि गल्लीची बढती

प्रति,
मा. पाणीपुरवठा अधिकारी साहेब,
पाणीपुरवठा कार्यालय, पहिला मजला
(जिन्यासमोरचे दार, तूर्त बंद)

विषय : आमची गल्ली ‘मध्यम उत्पन्न’ गटातून काढून पूर्ववत गरीब करून मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या व्हरांड्याच्या भिंतीवरील निळी रेषा.

महोदय,

मानवाचा सारा इतिहास गोड्या पाण्याच्या काठाकाठाने चालत आलेला आहे. पाण्यापाशी नगरे वसली, पाण्यापायी राज्ये उठली, आणि पाणी सरले तिथे सिंहासनांवर धूळ बसली. अर्जदार मात्र तिसऱ्या मजल्यावर राहतो व त्याच्याकडे सध्या दीड बादली आहे.

१. अर्जदार हा पाट्या रंगवण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला असून गल्लीत त्यास पेंटरकाका म्हणतात. आपल्या व्हरांड्यातील ‘मध्यम उत्पन्न देशांतील दरडोई गोडे पाणी’ हा भिंतभर तक्ता त्याच्याच हातचा आहे. तक्त्याची डावी बाजू अर्जदाराच्या बालपणीच्या आकड्यांची असून तेथे रेषा छताला टेकलेली आहे. पुढे नवे आकडे आले की कार्यालयातून बोलावणे येई आणि अर्जदार रेषा थोडी पुढे, म्हणजेच थोडी खाली, नेऊन देई. आधी शिडी सुटली, मग स्टूल सुटले, आणि शेवटचा तुकडा तर अर्जदाराने फरशीवर मांडी घालून रंगवला. आपल्या आधीचे साहेब त्या वेळी मागे उभे राहून हळहळले होते, “अहो पेंटर, एवढं पाणी जातं तरी कुठं?” त्यावर हेडक्लार्क म्हणाले, “जात नाही कुठं साहेब. नद्या होत्या तेवढ्याच आहेत. वाटेकरी वाढले!” अर्जदारास स्वतःची तीन मुले आठवली व त्याने ब्रश न धुता नुसताच झटकला.

२. अशा परिस्थितीत, कोणत्या गल्लीस फुकट टँकर चालू ठेवावा व कोणती गल्ली आता सुधारली आहे हे पाहण्यासाठी आपले सर्वेक्षक आमच्याकडे आले. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती. अर्जदाराच्या पत्नीने त्यांना बसवले, चहा दिला. सर्वेक्षकांनी सहज विचारले, “घरात काय काय आहे, काकू?” इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला प्रथमच कुणी विचारत होते. ती खुलली. म्हणाली, “वॉशिंग मशीन आहे की! जावयांनी दिलंय.” सर्वेक्षकांनी रकान्यात खूण केली. झाकण काही उघडून पाहिले नाही. पाहिले असते तर आत बटाटे दिसले असते. मशीनला एका धुण्याला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात अर्जदाराचे घर दोन दिवस चालते. त्यामुळे ते आल्या दिवसापासून कोठी म्हणूनच सेवेत आहे व त्या कामी त्याच्याबद्दल तक्रार नाही.

३. एका घरात मशीन, म्हणजे त्या गल्लीत नळाला भरपूर पाणी, अशा हिशेबाने आपल्या कार्यालयाने सबंध गल्लीस बढती दिली. अभिनंदनाचे पत्र आले. त्याच दिवसापासून टँकर बंद झाला. नळ आम्हाला आहेतच. ते सकाळी थोडेसे खोकतात आणि दिवसभर गप्प बसतात.

४. आता खरे दुखणे. टँकरपाशी बादल्यांवरून भांडणे होऊ नयेत म्हणून अर्जदाराने पूर्वी घरोघरच्या बादल्यांवर एकेक चित्र काढून दिले होते : शिंपीणकाकूंना कात्री, मास्तरांना घुबड (त्यांच्या संमतीने), सुताराला पतंग. बढतीनंतर त्या सगळ्या बादल्या अर्जदाराच्या दारात पालथ्या येऊन पडल्या आहेत. शिंपीणकाकू रांगेत पत्नीची जागा धरून ठेवत असत; त्या आता जिन्यात भेटल्या की म्हणतात, “बाजूला व्हा गं, मध्यम उत्पन्न खाली उतरतंय!” पत्नी हल्ली खाली उतरतच नाही. बटाटे सोलता सोलता मध्येच थांबते व म्हणते, “मला मेलीला काय गरज होती सांगायची?” गल्लीचे पाणी गेले ते गेले, पण तिचे हे शेजारपण परत यावे, एवढ्यासाठी हा अर्ज आहे.

५. तरी विनंती की, सदर मशीनची नोंद ‘कोठी, पांढरी, झाकणासह’ अशी करून गल्ली पूर्ववत गरीब करण्यात यावी. देशाच्या बढतीस अर्जदाराची हरकत नाही. देशाने खुशाल मध्यम राहावे. हे शक्य नसल्यास तक्त्याप्रमाणे पाणी द्यावे. रेषा कितीही खाली आली असली तरी तिच्या हिशेबाने आजही अर्जदाराच्या वाट्यास घर बुडेल एवढे पाणी आहे. ते चुकून दुसऱ्या कुणाकडे गेले असल्यास त्यांना कळवावे की, उरले असेल तेवढे पाठवा, आम्ही रागावणार नाही. शिवाय पुढील आकडे आल्यास भिंत शिल्लक नाही. रेषा जिन्यावरून तळमजल्यावर न्यावी लागेल. तेथे जन्मनोंदणीचे कार्यालय असल्याने विषय सुटणार नाही. ते काम अर्जदार फुकट करून देईल.

६. हा अर्ज अर्जदार आपल्या दाराबाहेरील बाकावर बसून लिहीत आहे. साहेब मीटिंगमध्ये असल्याचे शिपाईभाऊ सकाळपासून सांगत आहेत. व्हरांड्यातील कूलरला कुलूप असून किल्ली साहेबांच्या खणात असल्याचे समजते. अर्जदाराची रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ मघाशीच टळली. तरी वरील सर्व मागण्यांचा विचार आपल्या सवडीने व्हावा. मात्र आपल्या टेबलावर जो झाकलेला पेला दाराच्या फटीतून दिसतो, त्यातले दोन घोट पाणी तेवढे बाहेर पाठवावे. पेला अर्जदार विसळून, नव्हे, पुसून परत करील.

आपल्याच बाकावरचा,
(सही)
पेंटरकाका

दिनांक : टँकर बंद झाल्यानंतरचा आणखी एक सोमवार

सोबत :
१) मशीनचे छायाचित्र, झाकण उघडे.
२) बटाटे दोन, नमुन्यादाखल.
३) गोळी एक. (पाहून लगेच परत द्यावी.)