लाल बटण

॥ श्री ॥
सनद, बहरीन
४ ऑगस्ट १९७८

ती. शेवंतीताईस,
सदानंदाचा शि. सा. न. वि. वि.

ताई, माझा टेलिव्हिजन चालला! दुकानातला नव्हे, हातांनी केलेला. पत्र्याची चकती, तिला गोल गोल आत जाणारी भोकं, मागे निऑनचा दिवा. चकती गरगर फिरली की काडेपेटीएवढं नारिंगी चित्र उभं राहतं. इथल्या सित्रा बेटावरच्या आमच्या वर्कशॉपातले मला खुळ्यात काढतात. गंमत म्हणजे हे चित्र साध्या कॅसेटवर भरता येतं. आईसाठी माझा चेहरा भरतोय. रजा मंजूर आहे, पण एवढं पुरं करूनच येईन.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.
सदा

॥ श्री ॥
लांजे
२० ऑगस्ट

चि. सदानंदास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, आईने अंथरूण धरलंय हे मागेच कळवलं होतं. त्यावर एक ओळ नाही आणि भोकांवर पानभर! दाराशी पाऊल वाजलं की विचारते, सदा आला का. तुझा चेहरा काय बघायचा? नाकडोळे हुबेहूब आपल्या अण्णांचे. ते काळे, डोकं पांढरंशुभ्र. तू गोरा आणि केस काळे, एवढाच फरक. अण्णा जाऊन इतकी वर्षं झाली, पण आई अजून त्यांच्याशी बोलते. डबडं नको, तू ये.

राग आहे तशी मायाही आहे.
शेवंती

॥ श्री ॥
सनद
१० सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

रागावू नकोस गं. आमच्या खोलीतला गनी रजेवर रत्नागिरीला निघालाय, त्याच्याबरोबर टेलिव्हिजनची पेटी आणि कॅसेट पाठवतोय. तो लावून देईल. एक सांभाळ: कधी चित्र उलटं पडतं, गोरं ते काळं आणि काळं ते पांढरं. तसं झालं तर लाल बटण दाब, मी नीट दिसेन. मग आईला ओळखायला सांग. काय म्हणाली ते शब्दन् शब्द कळव! आता मोठी चकती करायला घेतलीय, त्यामुळे येणं दिवाळीनंतर, इंशाल्ला.

ताई, लोभात अंतर नको.
सदा

लांजे
२ ऑक्टोबर

सदानंद,

वर श्री घातलेला नाही, त्यावरून समजलास. आई परवा पहाटे गेली.

आदल्या दिवशी गनीने पेटी लावून दिली आणि तो गेला. चकती फिरली. काळा चेहरा, पांढरं डोकं. आई आपली आपण उठून बसली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, अहो, किती उशीर केलात. मग तुझं गाऱ्हाणं सांगितलं अण्णांना. सदा यायचा नाही, त्याची वाट बघणं मी सोडलं, मला घेऊन चला. शब्दन् शब्द हवं होतं ना तुला? घे.

लाल बटण माझ्या बोटाखालीच होतं. मी दाबलं नाही. आईची दया आली म्हणून नव्हे, तुझा संताप आला म्हणून.

हे पत्र पोचेपर्यंत तिचे दिवसही झालेले असतील, तेव्हा धावत येऊ नकोस. लोभाचं या खेपेला लिहवत नाही. मोठी चकती पुरी कर.

शेवंती