शाल अंगावर पडू नये म्हणून

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.

नवी वही. ही कोणी वाचायची नाही. बायकोने, मंदाने, तर अजिबात नाही, म्हणून ती इन्शुरन्सच्या फाइलखाली राहील.

आमच्या भीमा-नीरा बॅले ग्रुपला पंचवीस वर्षं झाली. वालचंदनगरच्या कॉलनीत सहा जणांनी सुरू केला तेव्हा बॅले म्हणजे काय असं लोक विचारायचे. आता विचारत नाहीत. आमचा बॅले एकच, 'नृसिंह'. पहिल्या प्रयोगापासून हिरण्यकशिपू मी. राक्षस नसेल तर देव खांबातून बाहेर येईल कशाला, हे लोक विसरतात.

रौप्यमहोत्सवी दौरा ठरला: वालचंदनगर, निमगाव केतकी, नरसिंहपूर, इंदापूर आणि शेवटी बारामतीचं मोठं नाट्यगृह.

काल मीटिंग. आसावरी (दिग्दर्शन, नृत्यरचना आणि हुकूमशाही तिची) म्हणाली, या वर्षी प्रत्येक प्रयोगाला आपल्या जुन्या माणसांचे सत्कार करू. 'जुन्या' म्हणताना माझ्याकडे बघितलं. मंदा म्हणते, तुमच्या खुर्चीमागे भिंतीवर घड्याळ आहे, ते बघितलं असेल. मंदा मीटिंगला नव्हती.

सत्कार म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षं काढली. ३१ तारखेला शाल, नारळ, चार भाषणं. १ तारखेला विसरलेला डबा आणायला गेलो तर वॉचमन विचारतो, कोणाला भेटायचंय. शाल अंगावर पडली की माणूस 'मार्गदर्शक' होतो. मार्गदर्शकाला कोणी रस्ता विचारत नाही.

संकल्प:
एक, या दौऱ्यात अंगावर शाल पडू द्यायची नाही. बारामतीत शेवटपर्यंत हिरण्यकशिपू मीच.
दोन, वजन ८२ वरून ७४.
तीन, कोणावर विश्वास नाही. अपवाद स्वराली. ती माझी राणी कयाधू होते. इंदापूरला शाळेत शिकवते. बोललेलं शांतपणे ऐकून घेते, जे घरात होत नाही.

७ जानेवारी, मंगळवार.

रिहर्सल. विराजने माझं वजन विचारलं. विराज म्हणजे नृसिंह. बारामतीत बँकेत आहे, वय अठ्ठावीस. शेवटी तो मला मांडीवर आडवा घेतो. इतकी वर्षं कोणत्याही नृसिंहाने वजन विचारलं नव्हतं. माझा पोशाख दुसऱ्या कोणाला बसतो का याचा अंदाज घेतोय, उघड आहे.

मी ७४ सांगितलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कमरेला मलम चोळायला गेला. नाटकी मुलगा.

१२ जानेवारी, रविवार. वालचंदनगर.

प्रयोग उत्तम. मी तर उत्तमच.

खांबाच्या प्रवेशाआधी दहा मिनिटं कार्यक्रम थांबवला. पाहुणे स्टेजवर. ताटात शाल. मी बाजूच्या दाराने बाहेर पडलो आणि पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. मुकुट दिसू नये म्हणून बगलेत धरला.

परत आलो तर शाल प्रयागबाईंना. त्या पंचवीस वर्षं आमचे कपडे शिवतात. बाई रडत होत्या, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. चांगलं झालं. पण डाव माझ्या लक्षात आला. आधी दोन-तीन लहान सत्कार, म्हणजे मी गाफील राहीन, मग मोठा.

आसावरीने विचारलं, कुठे होता. पोट बिघडलं असं सांगितलं. पटकन सुचलं ते बरं झालं.

१३ जानेवारी, सोमवार.

जेवायला मुगाची खिचडी. मंदाला कोणी सांगितलं? मी तर नाही. म्हणजे आसावरीचे आणि हिचे फोन चालू आहेत. दोन वेळा खिचडी खाल्ली. वजन ८२.५.

१८ जानेवारी, शनिवार. निमगाव केतकी.

हिंदुरावच्या टेम्पोतून गेलो. तो निमगावचाच, सुरुवातीपासून आमचं सगळं सामान तोच नेतो. पुढे उसाच्या ट्रॉल्या, चाळीस मिनिटं रांगेत. वेळ फुकट घालवला नाही. टेम्पोत मागे बसून स्वरालीला विराजचा कट समजावला. माझ्या कोणत्या स्टेप्स तो उचलू शकतो ते एकेक करून दाखवलं. तिने विचारलं, गदा फिरवल्यावर आधी कोणता पाय? डावा. उभं राहून दाखवला. हिंदुराव पुढून म्हणाला, काका, गाडी डुलतीया, जे काय नाचायचं ते बसून नाचा.

प्रयोगात पुन्हा तेच. पाहुणे, ताट, शाल. मी टेम्पोत जाऊन पडद्यांच्या गाठोड्यामागे बसलो. हिंदुरावने शोधून काढलं. हातावर ओवा ठेवला आणि म्हणाला, चावा काका, लाजायचं काम न्हाय, आमच्या सासऱ्यालाबी लग्नकार्यात असंच हुतं. चावला. काय करणार.

या ओव्यापायी दोन मिनिटं उशीर झाला. संगीत सुरू झालेलं. विंगेतून बघतो तर माझ्या जागेवर स्वराली. राणीच्या वेषात माझी सिंहासनाभोवतीची चाल चालत होती, संगीताला धरून, एकही ठेका न सोडता. लोकांना वाटलं, असंच आहे. आसावरीने तिला जवळ घेतलं. ते कौतुक मुळात माझं, शिकवलं मी. पण मी बोललो नाही. मोठेपणा.

२६ जानेवारी, रविवार. नरसिंहपूर.

देवळाजवळच्या पटांगणात प्रयोग. इथे नृसिंह म्हणजे घरचा देव. विराज खांबातून बाहेर आला तेव्हा पुढच्या बायकांनी हात जोडले. माझ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. मी तिथे मरत होतो, तरी नाही.

संपल्यावर एक म्हातारी येऊन सांगून गेली, तू लई पापी दिसतूस रं बाबा. पंचवीस वर्षांत अशी दाद मिळाली नव्हती.

सत्कार साउंडवाल्याचा होता म्हणे. मी तेव्हा नदीच्या बाजूला पायऱ्यांवर होतो.

आसावरीने २००० सालचा माझा फोटो मागितला. कशाला, तर स्मरणिकेच्या मुखपृष्ठाला. इतकं सरळ कोणी सांगत असतं का? सत्कारात पडद्यावर दाखवतात तो फोटो हा. बालपण, तारुण्य, मग शाल. मी तिला असा फोटो दिला ज्यात मी खांबाच्या सावलीत आहे आणि ओळखू येत नाही. बसा आता.

३० जानेवारी, गुरुवार. दुपारी ४.

मंदा स्वयंपाकघरात फोनवर. मी पाणी प्यायला गेलो, आणि तिथे थांबलो. ऐकू आलं ते असं: हो ना, प्रत्येक प्रयोगाला तेच झालंय. नाही, डॉक्टरकडे येत नाहीत. हो, कोणीतरी तयार असलेलं बरं. त्यांना सांगू नका, मनाला लावून घेतील.

विचारलं कोण होतं. म्हणाली, आसावरी. काय म्हणत होती? तुमची तब्येत विचारत होती. माझी तब्येत ठणठणीत आहे, त्यात विचारण्यासारखं काय?

घरातलीच बाई तिकडे मिळाल्यावर काय करायचं. संध्याकाळी चहाला नको म्हटलं. तिने परत विचारलंच नाही. सहा वाजता स्वतः करून घेतला.

१ फेब्रुवारी, शनिवार. इंदापूर.

विराजने मला उचललं, अर्ध्यात थांबला, चेहरा वेडावाकडा झाला आणि मी त्याच्या मांडीवरून घसरलो. जमिनीवर मेलो. लोक हसले. वध ना घरात ना बाहेर असा असतो, आमचा ना मांडीवर ना जमिनीवर झाला. नवीन मांडणी म्हणून वाईट नाही. आसावरीला तसं सांगितलं.

विराजने पुन्हा वजन विचारलं. खरं सांगा काका, म्हणाला, कमरेला पट्टा लागलाय. ७६ सांगितलं. दोन किलो वाढवून सांगितलं, आणखी किती खरं बोलायचं.

५ फेब्रुवारी, बुधवार.

स्वराली आज घरी आली, या आठवड्यात दुसऱ्यांदा. पहिल्या प्रवेशापासून वधापर्यंत सगळं करून दाखवा म्हणाली. केलं. सोफा सरकवावा लागला. हसताना खांदे कसे हलवायचे ते तिने तीनदा विचारलं. मोबाइलवर शूटिंग केलं. मीच परवानगी दिली. उद्या विराजने माझी एक जरी स्टेप चोरली तर पुरावा असावा.

आजकाल इतकी निष्ठा बघायला मिळत नाही. जाताना माझ्या पाया पडली. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, घाबरू नकोस, मला कोणी हलवू शकत नाही. ती काहीतरी बोलणार होती, पण मंदाने तिला चहा प्यायला आत बोलावलं.

८ फेब्रुवारी, शनिवार.

स्मरणिका आली. मुखपृष्ठावर खांब छान आला आहे. मी कुठेच नाही. जरा चुकलंच.

आत छापलंय: विशेष सत्कार, नाव कार्यक्रमात जाहीर होईल. नाव लपवलंय. एकच नाव. आता शंका उरली नाही.

उद्याची तयारी. नाट्यगृहाचा नकाशा काढला, स्केलप्रमाणे. दारं अ, ब, क. सत्काराची घोषणा झाली की ब दाराने बाहेर, सात मिनिटं पार्किंगमध्ये, टाळ्या संपल्या की त्याच दाराने आत, गदा घेऊन सरळ स्टेजवर. यात चुकण्यासारखं काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. बारामती.

क्रमाने लिहितो.

मध्यंतर झालं. आसावरी माइकवर: ज्यांच्याशिवाय पंचवीस वर्षांत आपला एकही प्रयोग झाला नसता, असे एक गृहस्थ. मी पुढचं ऐकलं नाही. ब दाराने बाहेर. दार मागे आपोआप बंद झालं. बाहेरून कडी नाही, मूठ नाही, काही नाही. हे नकाशात नव्हतं.

वाजवलं. आत टाळ्या, कोणाला ऐकू जाणार. टेम्पोकडे गेलो, म्हणजे हिंदुराव मागच्या दाराने आत नेईल. टेम्पोला कुलूप. हिंदुराव नाही. पार्किंगमध्ये मुकुट, खोट्या मिशा आणि कवच घालून मी एकटा. एका लहान मुलीने आईला विचारलं, हे कोण. आई म्हणाली, बघू नकोस.

पुढच्या दाराला गेलो. डोअरकीपर म्हणाला, पास. मी म्हटलं, मी हिरण्यकशिपू. तो म्हणाला, ते आत चालू हायेत. मला कळेना काय म्हणतोय. शेवटी मुकुट काढून बसायच्या अटीवर त्याने शेवटच्या रांगेत सोडलं.

स्टेजवर हिरण्यकशिपू होता. गदा फिरवली, डावा पाय पुढे. हसला, खांदे हलले. माझा डावा खांदा २००९ पासून वर राहतो, फ्रोझन शोल्डर. याचाही डावा खांदा वर.

स्वराली होती ती.

विराजने तिला उचललं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. अलगद मांडीवर घेतलं. मग वध.

पंचवीस वर्षं तो प्रवेश मी डोळे मिटून केला. मेलेला असतो ना. समोरून कधी बघितलाच नव्हता. लाल प्रकाश कसा पसरतो, प्रल्हाद कसा हळूहळू पुढे येतो, काही माहीत नव्हतं. सुंदर आहे तो प्रवेश. बघता बघता मला रडू आलं. शेजारचा माणूस म्हणाला, काका, खोटं हाय ते.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.

आसावरीचा फोन. आवाज बसलेला. म्हणाली, रागावलात? काल कुठे होतात, आम्ही पाच मिनिटं पडदा थांबवला.

सत्कार कोणाचा होता ते विचारलं. हिंदुरावचा. शाल घेऊन माइकवर म्हणाला म्हणे, माझं काय हाय त्यात, गाडी चालिवली. लोक उभे राहिले.

मग विचारलं, माझं नाव यादीत कुठे होतं? ती म्हणाली, तुमचं कशाला असेल? यादी पडद्यामागच्या माणसांची होती, ज्यांना कोणी कधी बघत नाही अशांची. तुम्ही तर आमचे हिरण्यकशिपू. तुम्हाला शाल देऊन घरी बसवायचंय का आम्हाला?



ती म्हणाली, तुमचं पोट असं, म्हणून स्वरालीला नुसतं तयार राहायला सांगितलं होतं. बिचारी रोज रडत होती, काकांना सांगूया म्हणत होती. मीच नको म्हटलं.

पोटाचं खोटं होतं, हे मी सांगितलं नाही. आता सांगून तरी काय.

अकलूजचं आमंत्रण आलंय, मार्चमध्ये. तिथली माणसं काल बारामतीला होती. त्यांना तोच राक्षस पाहिजे, असं म्हणाले. एक क्षण मी खूश झालो. मग कळलं, काल कोण होता.

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. ती माझ्यापेक्षा चांगली करते, हे दिसलं म्हणून जास्त वाटलं. कोणीही माझं काही चोरलं नव्हतं. मीच सोफा सरकवून दिलं होतं.

मी आसावरीला म्हटलं, अकलूजला स्वरालीच करेल. ती म्हणाली, आणि तुम्ही? मी म्हटलं, माझं काय. ती म्हणाली, तो खांब हलतो हो, मागून धरायला एक भक्कम माणूस लागतो. पण तुम्हाला कसं विचारू.

मी म्हटलं, दोन दिवसांत विचार करून सांगतो. आणि फोन ठेवला.

मंदा दारात उभी होती. दोन मिनिटांनी मीच आसावरीला परत फोन लावला.